फूटपट्टीचा पाया

आमच्या गल्लीत तिला फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर सगळे 'बाईसाहेब' म्हणून मान तुकवायचे आणि पाठ वळली की फूटपट्टी. चण काटकुळी, चाल सरळ, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. कुणाच्याही घरी गेली की चहा येईस्तोवर दाराची उंची डोळ्यांनी मोजून मोकळी. 'तुमचं हे दार आत उघडतंय, बाहेर उघडायला हवं होतं,' असं ती सहज म्हणायची आणि घरमालकाला स्वतःचाच चहा कडू लागायचा. शहरातली ती पहिली बाई आर्किटेक्ट. पहिलं असण्यात एक तोटा असतो, नावं ठेवायला आधीची कुणी नसते. त्यामुळे सगळी नावं हिच्या एकटीच्या वाट्याला आली.

तिनं दारावर पाटी लावली त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदारानं विचारलं होतं, "बाई घरं बांधणार म्हणजे नक्की काय करणार? पडदे लावणार?"

"पडदे मी शिवतो," तिचे वडील म्हणाले. "ती भिंती शिवणार."

वडील शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, मागच्या खोलीत हिचं नकाशांचं टेबल, मध्ये एक पडदा. पुढे गिऱ्हाईक छाती फुगवून माप देत असायचं आणि मागे गिऱ्हाईकच नसायचं. आई ती लहान असतानाच गेली होती. लग्नाचं बोलणं निघालं की म्हातारा म्हणायचा, "स्थळं येतात हो, पण तिच्या चौकोनात कुणी बसत नाही." आणि स्वतःच हसायचा. तीही हसायची, पण जरा उशिरा.

पाटी लावण्याआधी ती मोठ्या साहेबांच्या ऑफिसात होती. शहरातल्या निम्म्या इमारती मोठ्या साहेबांच्या. त्यांनी तिला घेतलं, टेबल दिलं, खिडकीजवळची जागा दिली आणि काम काय दिलं, तर अक्षरं काढायचं. पुरुषांनी नकाशे काढायचे आणि हिनं त्यावर 'स्वयंपाकघर', 'जिना', 'उत्तर दिशा' असं वळणदार लिहायचं. "बायकांचं अक्षर कसं नाजूक असतं," साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. वर्षानुवर्षं तिनं दुसऱ्यांच्या खोल्यांना नावं दिली. शेवटी एक दिवस ब्रश धुऊन ठेवला आणि घरी आली.

तेव्हापासून तिला अक्षरांचा असा काही तिटकारा बसला, की स्वतःच्या नकाशावर ती अक्षरं अगदी शेवटी काढायची. आधी भिंती, खांब, दारं, खिडक्या, सगळं सगळं. अक्षर, आकडा, दिशेचा बाण, हे काम संपल्यावर, नाक मुरडत, कुणी उसनं मागायला आल्यासारखं. तिची एवढी एकच चैन होती म्हणा ना.

कामं कसली मिळायची? कुणाचा ओटा, कुणाची न्हाणी, कुणाच्या कोंबड्यांचं खुराडं. खुराडं मात्र असं बांधलं होतं, की मालकाला वाटे आपणच तिथं राहायला जावं. 'कोंबड्यांची आर्किटेक्ट' हे आणखी एक नाव पडलं. रात्री ती पडद्याआड शाळा काढायची, वाचनालय काढायची, जे कुणी मागितलं नव्हतं ते सगळं काढायची आणि गुंडाळून कपाटावर टाकायची. कपाटावर एक अख्खं शहर धूळ खात पडलं होतं.

मग डॉक्टरीणबाई आल्या. बायकांच्या दवाखान्याच्या मुख्य डॉक्टर. देह भारदस्त, आवाज त्याहून. पांढरा कोट शिवायला आल्या होत्या. शिंपीकाका माप घेत होते आणि बाईंचं तोंड चालू होतं.

"बाळंतपणाची खोली कुठे, तर बाजाररस्त्याला चिकटून. खिडकीबाहेर चहाची टपरी. आत बाई कळा देतेय आणि बाहेर बाकड्यावरचे नग तिच्या नकला करतायत. काल एकीनं ओरडायचं नाही म्हणून चादरीचा बोळा तोंडात कोंबला. निळी पडली. आता मी मूल बघू का बोळा काढू? काका, काखेत सैल ठेवा."

"सैलच ठेवतोय," काका म्हणाले. "तुमच्या आवाजाला जागा लागते."

पडद्याआडून फूटपट्टी बाहेर आली. "नवीन खोली बांधणार आहात का?"

"नवीन दवाखानाच बांधायचाय, शेजारच्या मोकळ्या जागेत. कमिटी बसलीय. तू कोण?"

तिनं तिथंच, कोटाच्या कापडावर, काकांच्या खडूनं एक काटकोन काढला. गल्लीकडे फाटक. डावीकडे बाजाररस्ता, उजवीकडे जुन्या बागेची उंच भिंत. आखूड बाजू रस्त्याकडे, तिथं तपासणी, औषधं, बसायची जागा. लांब बाजू बागेच्या भिंतीला लागून, आणि तिच्या टोकाला बाळंतपणाची खोली, मध्ये एकही खांब नसलेली, मोठी. "इथून कितीही ओरडलं तरी रस्त्यावर काही जाणार नाही. बायांना हवं तेवढं ओरडू दे."

डॉक्टरीणबाई कोटाकडे बघत राहिल्या. "काका," त्या म्हणाल्या, "हा कोट धुऊ नका."

कमिटीत डॉक्टरीणबाई भांडल्या, कशा भांडल्या ते दोन गल्ल्या पलीकडे ऐकू गेलं. अध्यक्षांचा साबणाचा कारखाना, त्यामुळे माणूस हातात सापडायचा नाही. मोठे साहेबही कमिटीवर सल्लागार होते. शेवटी काम फूटपट्टीला मिळालं, पण अट घालून. अध्यक्ष म्हणाले, "बाई, विश्वास आहे हो आमचा. पण कुठं चूक निघाली, तर काम साहेबांकडे जाईल. आणि मग पुन्हा बाईमाणसाला काम द्या म्हणून आम्हाला कुणी सांगायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "नकाशे छान कर हं. अक्षर तर तुझं छान आहेच."

घरी येऊन ती वडिलांना म्हणाली, "बाबा, ही एक इमारत उभी राहिली पाहिजे. मग मी आयुष्यभर खुराडी बांधीन."

पायाचा नकाशा टेबलावर ताणून लावलेला होता. पातळ, आरपार दिसणारा ट्रेसिंगचा कागद. खांब झाले होते, भिंती झाल्या होत्या. अक्षरं बाकी होती. त्या सकाळी शिंपीकाका वरच्या फळीवरचं अस्तर काढायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ती वडिलांच्या स्ट्रेचरशेजारी उभी असताना कंत्राटदार तिला शोधत आला. "बाई, माणसं खोळंबलीत. खड्ड्यांची मापं तुम्ही दिलीत, ते ठीक, पण खड्डे कुठं, ते कागदावर पाहिजे."

"टेबलावर आहे. प्रिंट काढून आणा, शिक्का मारते. अंतरं पट्टी लावून मोजून घ्या."

तो गेला, प्रिंटवाल्याकडे कागद टाकला. प्रिंटवाल्यानं कागद यंत्रात घातला, तो पालथा. अक्षर असतं, एखादा आकडा असता, तर आरशात दिसल्यासारखा उलटा उमटला असता आणि पोरालाही कळलं असतं. पण कागदावर नुसते चौकोन आणि रेघा. चौकोनाला सुलट काय आणि उलट काय. कंत्राटदार प्रिंट घेऊन परत आला तेव्हा वडिलांना ऑपरेशनला नेत होते, आणि म्हातारा भूल चढता चढता परिचारिकेला सांगत होता, "टाके बारीक घाला, दिसायला नकोत." तिनं भिंतीवर कागद धरला, शिक्का मारला आणि स्ट्रेचरमागे धावली.

वडील घरी येईपर्यंत तिला जागेवर जायला झालं नाही. मग एका सकाळी ती गेली. फाटकातून आत शिरली आणि तिथंच थांबली.

लांब बाजू डावीकडे होती. बाजाररस्त्याला चिकटून. पाया भरून झाला होता, खांबांच्या सळया छातीएवढ्या वर आल्या होत्या आणि जिथं बाळंतपणाची खोली व्हायची ते जाडजूड खांब टपरीच्या बाकड्यापासून चार हातांवर उभे होते.

बाकड्यावरून एकजण म्हणाला, "बाई, कंत्राटदार सांगत होते, इथं बाळंतिणी येणार. आमची पहिल्या रांगेची सोय केलीत, बरं झालं." बाकडं हसलं. एकानं कळा आल्यासारखा आवाजही काढून दाखवला.

कंत्राटदार धावत आला. "काम कसं झालंय? एक सूत इकडेतिकडे नाही. तुम्ही म्हणालात तसा माल, तुम्ही म्हणालात तसं पाणी मारलं."

"हो," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं पलंगाशेजारी बसून वडिलांना सांगितलं, त्यांच्याच भाषेत. "बाबा, दोन्ही बाह्या डाव्या झाल्या."

म्हाताऱ्यानं छताकडे पाहिलं. "एका नवरदेवाच्या कोटाला मी केलं होतं तसं," तो म्हणाला. "लग्नाच्या सकाळी कळलं. मी म्हटलं, दिवसभर एक हात खिशात ठेव, रुबाबदार दिसतोस. ठेवला बिचाऱ्यानं. जेवतानासुद्धा."

"त्या बायांना मी काय सांगू, कशात काय ठेवा म्हणून?"

विनोद संपला की म्हातारा अगदीच म्हातारा दिसायचा.

पुढचे दिवस तिनं टेबलावर काढले. खोल्यांची अदलाबदल करून पाहिली. मोठी खोली आखूड बाजूला जाईना, कारण तिकडे खांब जवळजवळ आणि पाया उथळ. तिथं ती खोली बसवायची तर मधोमध खांब, आणि खांबाभोवती बाळंतपण कसं करणार? रस्त्याच्या बाजूला आणखी एक भिंत घालून पाहिली, तर खोलीत उजेड नाही, वारा नाही. जेवणाचं ताट तसंच राहायचं. केस विंचरायचं भान नाही. गल्लीत बातमी, की फूटपट्टीचं लग्न ठरलंय म्हणून ती झुरतेय. कुणी म्हणे मोडलंय. कपाळ टेबलाच्या कडेला टेकवून ती बसायची, आणि एक विचार पुन्हा पुन्हा यायचा, की कुणालाच माहीत नाही. कंत्राटदाराला नाही, कमिटीला नाही. गप्प बसलं तर इमारत उभी राहील, पाटी लागेल, नाव लागेल. पुढची कामं येतील. फक्त ओरडणाऱ्या बायांना कळेल, आणि त्यांना कोण विचारतंय?

त्या विचाराची तिला इतकी शिसारी आली, की ती उठून तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. आवाज चढला नाही, आणि त्यानंच तिची पाचावर धारण बसली. "तोडायला लागेल," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझं काम जाईल."

"हो."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस? चल."

कमिटीसमोर तिनं उभं राहून सगळं सांगितलं. कागद पालथा पडला, मी शिक्का मारला, चूक माझी. आता काम साहेबांकडे द्या आणि पाया तोडून उजवीकडे घाला. एवढं बोलून तिला वाटलं, संपलं. आता ओरडा खायचा आणि घरी जायचं.

पण अध्यक्ष हसले. "अहो बाई, एवढंच ना? डावं काय आणि उजवं काय. इमारत इमारत असते. उद्घाटनाची तारीख ठरलीय, पाहुणे बोलावलेत. तोडाफोड कशाला? खिडक्या बुजवून टाका. झालं. कुणाला काही बोलू नका, आम्हीही बोलत नाही. काम तुमच्याकडेच."

"खिडक्या बुजवल्या तर खोलीत जीव गुदमरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तासाभराचा तर प्रश्न असतो."

"तुम्हाला कुणी सांगितलं तासाभराचा?"

"आमच्या घरी चार झालीत, बाई."

"तुम्ही कुठं होतात चारही वेळा?"

सगळे हसले आणि अध्यक्षांनी हात जोडून विषय निसटू दिला. बाकीचे घड्याळाकडे बघू लागले. तिला कळून चुकलं, की चूक कबूल करून काही होत नाही. उलट चूक त्यांना सोयीची आहे. इमारत तिचीच राहतेय, नाव तिचंच लागतंय आणि खोली टपरीला चिकटून. जे हवं होतं ते अशा रीतीनं मिळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. टेबलाच्या त्या टोकाला मोठे साहेब पेन्सिलीला टोक करत बसले होते.

ती म्हणाली, "आणखी एक सांगायचं राहिलं. पाया कच्चा आहे."

डॉक्टरीणबाईंनी झटकन तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे?" अध्यक्षांचं हसू उतरलं.

"म्हणजे माझी आकडेमोड चुकली असावी. मला खात्री नाही. वडील आजारी, माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एवढी मोठी खोली मी पूर्वी कधी केलेली नाही. खुराडी केलीत. उद्घाटनाला पाहुणे आत असताना काही झालं तर..." ती थांबली. आवाज आपोआप कापत होता, त्याला वेगळी मेहनत लागली नाही. "मी बाईमाणूस. मला हे झेपायचं नव्हतं."

जे तिनं इतकी वर्षं खोडून काढायला जिवाचं रान केलं होतं, ते तिच्याच तोंडून ऐकल्यावर खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे कसे सैलावले. वाद नाही, प्रश्न नाही. इतका वेळ तिच्या एकाही खऱ्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नव्हता, या एका खोट्यावर सगळ्यांनी ठेवला. "मी म्हणतच होतो," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, तोही म्हणतच होता. अध्यक्षांनी साहेबांकडे वळून विचारलं, "तोडायला लागेल?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. तिची मापं त्यांनी पाहिली होती. पाया कसा आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "जोखीम नको," ते म्हणाले. "तोडा. मी बघतो."

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिचा दंड धरला. "कच्चा आहे?"

"त्यावर तीन मजले चढवले तरी हलणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी तो दंड दाबला, दुखेल इतका, आणि दवाखान्यात पेशंट होता म्हणून निघून गेल्या.

तोडायच्या दिवशी तिला बोलावलं होतं, लेखी जबाबदारी घेतली म्हणून हजर राहायला. अध्यक्ष छत्री धरून उभे, साहेब टोपी घालून. मजुरांनी घण उचलले. पहिला घाव बसला आणि घण उसळून मागे आला. दुसरा तसाच. मुकादमानं हाताला थुंकी लावली, स्वतः मारून पाहिला, आणि मनगट झटकत म्हणाला, "कोण म्हणतं कच्चा आहे? लोखंड आहे हे."

कंत्राटदाराचा चेहरा उजळला. बिचाऱ्याची अब्रूही त्यातच पुरलेली होती. "मी सांगतोय ना साहेब, एक नंबर काम आहे. बाईंनी उगाच भीती घातली."

अध्यक्षांनी छत्री खाली केली. "मग राहू द्यायचा का?"

घणाच्या एकेका घावासरशी तिचं काम स्वतःच साक्ष देत होतं, तिच्याच विरुद्ध. इतका चांगला पाया तिनं पुन्हा कधी घातला असता की नाही कोण जाणे; आणि तो लवकर फुटावा म्हणून ती मुठी आवळून उभी होती. बोलावं तर काय बोलावं? तिनं साहेबांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्यांच्याकडे काही मागितलं, ते असं, नुसतं बघून.

साहेबांनी टोपी सारखी केली. ते तिच्याकडे बघत नव्हते. "सिमेंट नको तितकं ओतलंय," ते म्हणाले. "वरून कडक लागतं. आतून कसा असेल, सांगता येत नाही. अंदाज नसला की बायका मीठसुद्धा जास्त घालतात."

अध्यक्ष हसले. मुकादमही हसला. छत्री पुन्हा वर गेली.

"घाला घाव," साहेब म्हणाले, आणि घण पुन्हा चालू झाले.

तीन दिवस, शेवटचा खांब पडेपर्यंत, ती उन्हात उभी राहिली. मग अध्यक्षांनी तिला घरी जायला सांगितलं आणि पहारेकऱ्याला बजावलं, की बाईंना आता आत सोडायचं कारण नाही.

पण नव्या पायाच्या आखणीची दोरी कुठल्या बाजूला बांधतात, ते बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. साहेबांनी शेवटच्या क्षणी तीच बाजू ठेवली तर? दुसऱ्या आठवड्यात ती बाजाररस्त्यावरून गेली. आतलं दिसायला एकच जागा होती, टपरी. ती टपरीपाशी उभी राहिली. बाकड्यावरचे सरकून बसले. बाईमाणूस तिथं थांबलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पलीकडे चुन्याची पांढरी रेघ जमिनीवरून सरळ बागेच्या भिंतीकडे गेली होती, आणि तिच्या टोकाला माणसं मोठे खड्डे खणत होती. तिच्याच मापाचे.

"चहा द्या," ती म्हणाली.

टपरीवाल्यानं ग्लास पुसून दिला. तिनं तो फळीवर ठेवला. "बाई," तो हळूच म्हणाला, "खरंच कच्चा होता का हो? घण तर तीन दिवस चालले. आमच्या कानाचे पडदे फाटले."

खड्डे अजून भरले नव्हते. इथं एक शब्द वेगळा गेला, तर संध्याकाळपर्यंत तो साबणवाल्यापर्यंत पोचला असता.

"कच्चा होता," ती म्हणाली. "मला जमलं नाही."

वरचा स्लॅब ओतून होईपर्यंत हेच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. गल्लीत विचारलं, तिथं सांगितलं. न्हाणी बांधून घ्यायला आलेल्यांनी विचारलं, त्यांनाही सांगितलं, आणि ते चहा न घेता परत गेले. कॉलेजात वास्तुरचना शिकायला निघालेल्या एका मुलीच्या बापानं मुद्दाम घरी येऊन विचारलं, तेव्हाही तिनं तेच सांगितलं, आणि तो गेल्यावर पडद्याआड जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. मग स्लॅब ओतून झाला, दवाखाना उघडला, साहेबांच्या नावाचा दगड बसला. आता ती खरं सांगायला मोकळी होती. पण तोवर सगळ्यांना उत्तर माहीत झालं होतं, त्यामुळे कुणी विचारायलाच आलं नाही.